पार्श्वभूमी : ठाण्याच्या विजेचा धूर कुठे निघतो?

देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी, म्हणजे उभारलेली सगळी केंद्रे मिळून जास्तीत जास्त जेवढी वीज देऊ शकतात तिच्यापैकी, निम्मा वाटा आता कोळसा, तेल आणि वायू यांच्यावर अवलंबून नाही, असे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. जलविद्युत आणि अणुऊर्जा धरून गाठलेले हे उद्दिष्ट पॅरिस करारानुसार २०३० सालासाठी होते. ते पाच वर्षे आधी पूर्ण झाले, ही नि:संशय मोठी गोष्ट आहे. मात्र प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अजूनही कोळशाचीच असते, कारण सौर पॅनेल सूर्य असेपर्यंतच चालते आणि कोळसा जाळून चालणारा औष्णिक संच रात्रभर चालू शकतो. क्षमता आणि निर्मिती यांच्यातील ही तफावत कशी निर्माण झाली आणि ती कशाने कमी होईल, हे समजून घ्यायला ठाणे जिल्ह्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

या पट्ट्याला मिळालेली पहिली मोठी वीज धुराची नव्हती. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर अडवलेले पाणी खोपोलीत उतरवून टाटांनी १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली आणि ती उच्चदाब वाहिन्यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांना पुरवली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे उभी राहिली. आजच्या भाषेत ही सगळी शून्य कार्बनची वीज होय. पण भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. स्वच्छ विजेचा इतिहास सांगताना हे पान वगळणे मला अप्रामाणिक वाटते. धूर निघाला नाही म्हणून कोणी किंमत मोजली नाही, असे होत नाही.

कोळसा आला तो मागणी वाढली म्हणून. रेल्वेचे विद्युतीकरण १९२५ मध्ये सुरू झाले आणि गाड्यांना वीज पुरवण्यासाठी कल्याणजवळ ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस उभे राहिले, ते कोळशावर चालणारे होते. खाडीपलीकडे ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र १९५६ मध्ये सुरू झाले आणि त्याची धुराडी वाशीच्या पुलावरून जाणाऱ्यांना आजही दिसतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढले, १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवली आणि घाटातील पाणी कधीच पुरे पडणार नाही हे स्पष्ट झाले. ही गरज मुख्यतः विदर्भातील कोळशाने भागवली.

हा टप्पा सविस्तर पाहण्यासारखा आहे. चंद्रपूरच्या खाणींजवळ जाळलेल्या कोळशाची वीज १९९९ पासून सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीच्या, ५०० किलोव्होल्ट एकदिश प्रवाहाच्या (डीसी) वाहिनीने थेट भिवंडी तालुक्यातील पडघ्याला येऊ लागली. तिची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. पडघ्याला तिचे रूपांतर घरात वापरल्या जाणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहात (एसी) होते आणि तेथून कळव्यामार्गे ती महानगरात शिरते. ठाण्यात मोठे औष्णिक केंद्र नाही, म्हणून ठाण्याच्या विजेला धूर नाही, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती अशी की धुराडे एका टोकाला आहे आणि दिवा दुसऱ्या. देशातील ग्रिडच्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्याच्या, एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या घराचा हिशेब त्यामुळे १४० किलोच्या आसपास जातो, आणि त्या कोळशाची राख चंद्रपूरकरांच्या अंगणात पडते.

अपारंपरिक ऊर्जेचे सरकारी प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. केंद्रात १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग झाला, १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले, आणि राज्यात महाऊर्जा ही संस्था आली. पण तीन दशके हा विषय प्रात्यक्षिकापुरताच राहिला. खरा वेग आला तो जानेवारी २०१० मधील राष्ट्रीय सौर अभियानानंतर. त्याचे २० गिगावॅटचे उद्दिष्ट २०१५ मध्ये १०० गिगावॅट करण्यात आले. त्याच वर्षी राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे विनियम आणले, आणि गच्चीवर तयार झालेली जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घेणे सामान्य सोसायटीलाही शक्य झाले. २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषून घेण्याची, घोषणा केली. फेब्रुवारी २०२४ मधील पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले, आणि त्यात गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठीही प्रति किलोवॅट १८,००० रुपयांचे अनुदान आहे.

ठाण्यातील एखाद्या सोसायटीची गच्ची पाहिली की या योजनेची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारच्या उंच इमारतीची सावली वगळून उरलेल्या जागेत वीस किलोवॅटचे पॅनेल बसले, तर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ऐंशीच्या आसपास युनिट मिळतात. पावसाळ्यात अर्थातच कमी. पाण्याचे पंप, लिफ्ट आणि जिन्यातील दिवे यांचे बिल त्यातून बरेच उतरते. मात्र चाळीस मजल्यांच्या इमारतीला चाळीस मजल्यांची गच्ची नसते. शहराची उरलेली वीज बाहेरूनच येणार, आणि ती आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या असतील तर काय होते, हे १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळले. एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद असताना कळवा-पडघा मार्गावरील दुसरीही बंद पडली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत एकाच वेळी अंधार झाला. त्या सकाळी लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. सूर्यप्रकाश राजस्थानात किंवा धुळ्यात कितीही असला, तरी तो ठाण्यात पोहोचतो तो तारेनेच. त्यामुळे पॅनेलइतकाच पैसा वाहिन्यांवर खर्च व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्यासाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागली होती.

दुसरा प्रश्न संध्याकाळचा आहे. राज्याच्या विजेची मागणी आणि पुरवठा यांचा क्षणाक्षणाचा मेळ ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून घातला जातो. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात, ही तेथील रोजची अडचण आहे. तिचे एक उत्तर ठाणे जिल्ह्यातच आहे. घाटघर उदंचन (पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या) प्रकल्पाचा वरचा जलाशय अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर, तर खालचा चारशेहून अधिक मीटर खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या २५० मेगावॅटच्या प्रकल्पाची आखणी कोळशाच्या हिशेबाने झाली होती : रात्री मागणी घटली की औष्णिक केंद्रांची उरलेली वीज वापरून पाणी वर चढवायचे आणि गर्दीच्या वेळी ते खाली सोडून वीज घ्यायची.

सौर विजेने हे घड्याळ फिरवले आहे. स्वस्त वीज आता मध्यरात्रीऐवजी भरदुपारी उपलब्ध असते. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत मिळू लागली, ती याच कारणाने. ज्या भिवपुरीत शंभर वर्षांपूर्वी पाण्यावर वीज तयार होऊ लागली, तेथेच १,००० मेगावॅटच्या नव्या उदंचन प्रकल्पासाठी टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला आहे. दुपारी सूर्याच्या विजेने वर चढवलेले पाणी तेथून संध्याकाळी खाली सोडले जाईल.