कडीकुलपातलं स्वयंपाकघर

माझ्या धाकट्या बहिणीच्या कंबरेला चावी असते. तिजोरीची नव्हे, स्वयंपाकघराची. बेळगावात शहापूरला त्यांचं घर आहे. फ्रिज, पिठाचे डबे, गूळ, शेंगदाण्याची बरणी सगळं आत, आणि दाराला जाडजूड पितळी कुलूप. पहिल्यांदा आलेला पाहुणा आधी कुलपाकडे बघतो, मग कोपऱ्यात जिगसॉचे तुकडे जुळवत बसलेल्या माझ्या भाच्याकडे बघतो, आणि मनात काय ते ठरवून मोकळा होतो. भाचा आता चोवीस वर्षांचा आहे. त्याला प्रेडर-विली सिंड्रोम आहे, पोट भरल्याचं कळूच न देणारा जन्मजात विकार.

झ्युरिकच्या तीन डॉक्टरांनी १९५६ साली या विकाराचं पहिलं नीट वर्णन केलं. प्रेडर, लाबहार्ट आणि विली. बिचाऱ्या लाबहार्टचं नाव पुढे वापरात गळून गेलं. साधारण पंधरा ते पंचवीस हजार जन्मांमागे एका मुलात हा विकार आढळतो. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांच्या वर होती. नुसता भागाकार केला, सगळी जगली-वाचली असं धरलं, तर जिल्ह्यात अशी दोनेकशे माणसं निघायला हवीत. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवूनही मला माहीत असलेला एकच, तो आमच्याच घरातला. बाकीचे कुठेतरी ‘खादाड’, ‘मंद’, ‘लाडावलेला’ या नावांखाली वावरत असणार.

गंमत अशी, की या खादाड म्हणवल्या जाणाऱ्या पोराच्या पोटात पहिलं वर्षभर दूध जावं म्हणून आम्ही नवस बोललो होतो. जन्मला तेव्हा रडला नाही. उचललं की हात-पाय ओल्या फडक्यासारखे लोंबायचे. अंगावर ओढायची ताकदच नव्हती, नळीनं दूध घालावं लागलं. पोटात असताना फार हलत नव्हता हे बहिणीला तेव्हा आठवलं. ‘सुस्त बाळ आहे, भरेल हळूहळू,’ असं एका डॉक्टरांनी सांगितलं. भरला खरा. दोन-तीन वर्षांचा झाल्यावर वजन चढायला लागलं, आणि सातव्या-आठव्या वर्षी ती भूक आली.

त्याआधी वर्षाचा असताना गुणसूत्रांची तपासणी झाली होती. रिपोर्ट आला : ४६ गुणसूत्रं, सगळं नॉर्मल. घरात पेढे वाटले. त्या पेढ्यांनी आमची पाच वर्षं खाल्ली.

दोष कुठे होता ते समजायला आपल्या सरकारी कचेरीकडे बघा. एकाच अर्जाच्या दोन प्रती द्यायच्या. प्रत्येक गुणसूत्राच्याही अशा दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. बहुतेक जनुकं दोन्ही प्रतींवरून चालतात. पण १५ व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर एक छोटा पट्टा असा आहे, की तिथे आईकडून आलेल्या प्रतीवर ‘रद्द’ असा शिक्का मारलेला असतो. हा शिक्का म्हणजे डीएनएला चिकटलेले मेथिल गट. मजकूर तोच, अक्षर न् अक्षर शाबूत, पण पेशी ती प्रत वाचत नाही. तिथली काही जनुकं फक्त वडिलांच्या प्रतीवरून चालतात. याला जनुकीय ठसा म्हणतात. यात गुणसूत्राची मोडतोड काही नाही, तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या पेशीत हीच व्यवस्था आहे.

घोटाळा होतो तो वडिलांची प्रत कामाला नसते तेव्हा. सुमारे सत्तर टक्के रुग्णांत वडिलांकडून आलेल्या गुणसूत्राचा तेवढा तुकडाच गळालेला असतो. आमच्या भाच्याचा प्रकार दुसरा, सुमारे पाव रुग्णांत दिसणारा. त्याच्याकडे १५ व्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईच्याच आहेत. दोन्हींवर ‘रद्द’. गुणसूत्रं मोजणारा माणूस कागद मोजतो, शिक्के वाचत नाही. कागद पुरते ४६ भरले, म्हणून नॉर्मल. शिक्के वाचणारी मेथिलेशनची तपासणी वेगळी असते. हा विकार असेल तर ती शंभरातल्या नव्व्याण्णवांहून जास्त वेळा पकडते. आमचा नमुना सहाव्या वर्षी बेंगळुरूला गेला तेव्हा नाव कळलं.

दोन्ही प्रती आईच्या कशा आल्या? बीजांड तयार होताना वाटणीत चूक होऊन त्यात १५ व्या गुणसूत्राच्या दोन प्रती राहतात. शुक्राणू तिसरी आणतो. तीन प्रती घेऊन गर्भ टिकत नाही, म्हणून एखादी पेशी एक प्रत टाकून देते आणि गर्भ वाचतो. टाकायला निघालेल्या तिनांतली नेमकी वडिलांची गेली. म्हणजे ज्या चुकीमुळे हा विकार झाला तीच दुरुस्त करताना पोर जगलं. घरातल्या जाणत्यांनी यातून ‘आईकडूनच आलं म्हणजे’ एवढाच अर्थ काढला. आईचं वय वाढतं तशी वाटणीतली ही चूक वाढते हे खरं, पण ती बीजांडातली अपघाती चूक, कुणाच्या रक्तातलं खोड नव्हे. पुढच्या मुलात पुन्हा होण्याची शक्यता या प्रकारात एक टक्क्याहून कमी, असं सल्लागारांनी सांगितलं तेव्हा कुठे धाकटी भाची जन्माला आली.

आता भूक. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा लहानसा भाग पोट भरल्याचा निरोप घेतो. या मुलांत तो निरोप पोचतच नाही. भूक जागवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचं प्रमाणही रक्तात जास्त असतं. त्यात स्नायू कमी, म्हणून शरीराची गरज इतरांपेक्षा वीस ते चाळीस टक्के कमी. भूक अफाट आणि खर्च आखडलेला. अशा माणसाला ‘मन आवर’ म्हणणं म्हणजे श्वास कमी घे म्हणण्यासारखं.

आणि हे आमच्यासारख्या आग्रहाच्या मुलखात! निपाणीला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. बहिणीनं वाढप्याला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. तरी शेजारच्या आजी कुंद्याचा तुकडा त्याच्या पानात टाकत म्हणाल्या, ‘खाऊंदे की गं, एवढ्याशानं काय होतंय? पोरगं आहे.’ एवढ्याशानं होतं ते असं, की त्याच्या डोक्यात एक शक्यता उघडते. आज मिळाला म्हणजे मागितलं तर मिळतं. पुढचे तीन दिवस घरात प्रश्न, रडारड, स्वतःच्या हाताची कातडी खरवडणं. या रुग्णांसोबत काम करणारे सांगतात की जेवणाची वेळ आणि ताट ठरलेलं हवं, त्यात शंका नको आणि जास्तीची आशाही नको. कुलूप त्यासाठी आहे. बंदोबस्त पक्का असला की तो निवांत असतो. कधी चुकून उघडं राहिलं तर तोच ओरडतो, ‘आई, कुलूप!’

वयात आल्यावर काळजीची तऱ्हा बदलते. लैंगिक संप्रेरकं कमी असल्यानं हाडं ठिसूळ होतात. शिवाय झोपेत श्वास अडकतो, पाठीचा कणा वाकतो. वेदना फार जाणवत नाहीत आणि उलटी सहसा होत नाही, म्हणून त्यानं ‘पोट दुखतंय’ म्हटलं की ते गॅस समजून सोडायचं नसतं. अति खाल्ल्यानं जठर फुटल्याची उदाहरणं आहेत. दोन प्रती आईच्या असलेल्यांत विशीच्या आसपास भ्रम, संशय असे मानसिक आजार उद्भवण्याचा धोका जास्त. गेल्या वर्षी महिनाभर तो कुणी बोलतंय म्हणून भिंतीला कान लावून बसायचा. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी उतरलं.

वाढीचं संप्रेरक उंचीसोबत स्नायूही सुधारतं. अमेरिकेत २००० साली या विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात त्याचा उल्लेख आला, तोवर आमच्या पोराची वाढ संपली होती. खास भुकेसाठीचं पहिलं औषध, डायझोक्साइड कोलीन, अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मंजूर झालं.

सध्या तो गल्लीतल्या मागवाल्याकडे कांड्या भरतो. सूत बदलायची वेळ त्याला बरोबर कळते आणि चिकाटी अशी की मालकच थक्क. अट एकच होती, कामगारांचे डबे कुलपात ठेवायचे. मालकांनी जुनं कपाट रिकामं करून दिलं.

अठरा पुरी झाली की कायद्यानं आई-बापही पालक उरत नाहीत. बौद्धिक अक्षमता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. कागद कानडीत, आमच्या भावजींचं कानडी बाजारापुरतं. ‘आजार’ या रकान्यात काय लिहायचं यावर कारकुनाशी अर्धा तास गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस अक्षमतांत प्रेडर-विली नाही, म्हणून बौद्धिक अक्षमता लिहिलं. भुकेला रकानाच नाही.

अर्जात बहिणीनंतरचं नाव भाचीचं घालायचं ठरलंय. ती कोल्हापूरला शिकते. दिवाळीला आली तेव्हा न सांगता गणपत गल्लीत जाऊन दुसरी चावी करून आणली. नीट फिरत नाही अजून, दात घासून घ्यायला हवेत.