बोटातल्या थेंबात न सापडणारा मलेरिया

चवथीला आठ दिवस उरले होते. शेजारच्या वहिनींनी रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. त्यांचा भाऊ पर्वरीला बांधकामावर सुपरवायझर. त्याला गोव्याच्या सरकारी इस्पितळात, बांबोळीला, आयसीयूत ठेवलेलं. रिपोर्टात फॅल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात घातक जातीचा मलेरिया, जंतू मोजकेच, प्लेटलेट घसरलेल्या. "काका, जंतू एवढेसेच, मग आयसीयू कशाला? हा डेंग्यूच असणार." पपईच्या पानांचा रस बाटलीत भरून तयार होता.

प्लेटलेट मलेरियातही घसरतात आणि जंतू मेले की आपसूक चढतात. रसाचं एवढ्यावर सोडतो. पहिला प्रश्न मात्र लाखमोलाचा. काचपट्ट्या बघण्यात माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो: पट्टीवर दिसतात ते मोकळे फिरणारे जंतू. खरी फौज दुसरीकडेच दडलेली असते.

हा जंतू तांबड्या पेशीत साधारण 48 तास राहतो. पहिले अठरा-वीस तास तो अंगठीसारखा दिसतो आणि पेशी रक्तातून हिंडत असते. मग ती नाहीशी होते. कारण पाणथरी, म्हणजे प्लीहा. तिथल्या फटी जेमतेम एक-दोन मायक्रॉनच्या. निरोगी पेशी सात-आठ मायक्रॉनची, तरी अंग चोरून निसटते. पोटात जंतू वाढलेली पेशी ताठर होते. ती तिथे गेली की अडकली आणि संपली. तेव्हा त्या वाटेला जायचंच नाही, ही जंतूची युक्ती. तो पेशीच्या अंगावर बारीक टेंगळं उठवतो आणि त्यांवर पीएफईएमपी-1 नावाचं प्रथिन बसवतो. चवथीची पत्री काढताना आघाडा कपड्यांना धरतो ना, तशी ती पेशी केशवाहिनीच्या भिंतीला धरते. भिंतीवर तिला पकडायला सीडी-36, आयकॅम-1, ईपीसीआर असे खुंटे असतात. यातला ईपीसीआर एरवी रक्त गोठण्याला आवर घालणाऱ्या यंत्रणेतला; तो अडला की तो आवरही सुटतो. शरीर या प्रथिनाला ओळखून प्रतिपिंडं बनवतं, तोवर जंतूंची काही पिलावळ वेगळं प्रथिन चढवून बसलेली असते. त्यासाठी त्याच्याकडे सुमारे 60 जनुकं आहेत, एका वेळी बहुधा एकच चालू.

चिकटलेल्या पेशींनी वाट तुंबते, पुढे प्राणवायू पोचत नाही, रक्तात आम्ल साचतं. मेंदूत असं झालं की शुद्ध हरपते. मोठ्या माणसांत मूत्रपिंडं बसतात (क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळायचा रक्तातला कचरा, डेसिलिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर गेला की डॉक्टर तो गंभीर मलेरिया धरतात), कावीळ होते, फुफ्फुसांत पाणी भरतं. म्हणून सलाईन हात राखून द्यावं लागतं. 'दोन बाटल्या चढवा, तरतरी येईल' हा आपला आवडता हट्ट इथे जिवावर बेतू शकतो.

औषधं दोन. जुनं क्विनीन मुख्यतः वाढलेल्या जंतूंवर चालतं. आर्टेसुनेट कोवळ्या अंगठ्यांनाही, चिकटण्याआधीच, गाठतं. भारतासह चार देशांतल्या 1461 रुग्णांवरचा अभ्यास 2005 मध्ये छापून आला: क्विनीनवर 22 टक्के दगावले, आर्टेसुनेटवर 15.

गोव्यातला मुख्य डास अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी. बांधकामावरचं साठलेलं पाणी आणि उघड्या टाक्या त्याला फार मानवतात, त्यामुळे भावाला ताप कुठे लागला असेल याचा अंदाज बांधता येतो. वहिनींनी मीठमिरच्यांनी त्याची दिष्टही काढली होती. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या मलेरियाचा ताप मुळात एकाआड एक दिवस येतो आणि मधल्या दिवसाचं श्रेय मिरच्या घेतात. फॅल्सिपेरम तेवढीही सवलत देत नाही.

भाऊ आता घरी आहे. त्याला महिनाभर दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासायला सांगितलंय. "बरा झाला, मग आता रक्त कशाला?" वहिनींचा नवा प्रश्न. याचंही उत्तर पाणथरीतच. आर्टेसुनेटने मेलेला जंतू ती पेशीतून, रतांब्यातून बी काढावी तसा, काढून टाकते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. या डागडुजी केलेल्या पेशी फार टिकत नाहीत. एक ते चार आठवड्यांत त्या एकदम फुटू लागल्या, तर हिमोग्लोबिन धाडकन उतरतं.