लसणाच्या काढ्यानं ब्लॉकेज उघडत नाहीत
आमच्या गंगावेशीतल्या मामांनी परवा हृदयाच्या गोळ्या बंद केल्या, का तर लसूण-आलं-लिंबाचा काढा मधातनं घेतला की ब्लॉकेज सुटतात असा मेसेज आलेला, हा मेसेज फिरतोय किती वर्षं झाली. मामी पातेलं गॅसवर ठेवून चार वाट्यांची एक वाटी होईपर्यंत उकळत होती, सगळ्या घरात वास.

आता ऐका. लसूण ठेचला की त्यात अ‍ॅलिसिन तयार होतं, ते उग्र वास येतो ना तेच, आणि इतकं उकळल्यावर ते राहतंय कुठं? कच्चा खाल्ला तरी २००७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं १९२ जणांवर सहा महिने प्रयोग करून बघितला, काहींना कच्चा लसूण दिला, काहींना लसणाच्या गोळ्या, वाईट कोलेस्टेरॉल हललं नाही. आणि ब्लॉकेज म्हणजे नळातला गाळ नव्हे ओ, चरबी धमनीच्या भिंतीच्या आत साठते, काढा तिला धुऊन काढणार कसा? रस्स्यात लसूण खुशाल घाला, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच, रक्तस्राव वाढू शकतो. मामांना कालच दवाखान्यात नेलं, गोळ्या परत चालू केल्यात.