तांब्याची गोळी आणि तांबं चढवलेली गोळी: हरणाचं मांस घ्यायच्या आधी एवढं विचारा

मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो. इथे नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीचा सीझन सुरू झाला की ऑफिसमधलं कोणी ना कोणी मांस आणून देतंच, खिम्याचं पाकीट, सॉसेज, कधी पाठीचा लांबट मऊ तुकडा. खूप मनापासून देतात आणि चवही मस्त असते. पण गोळीतलं शिसं मांसात उतरू शकतं आणि शिसं विषारी, म्हणून मी हल्ली घेण्याआधी विचारतो की गोळी कसली होती, आणि बऱ्याचदा उत्तर येतं, कॉपरची. इथेच घोळ आहे कारण कॉपर या एका शब्दात लोक दोन अगदी वेगळ्या वस्तू धरतात आणि दोन्ही गोळ्या टेबलावर शेजारी ठेवल्या तर दोन्ही तांबूस, दोन्ही चकचकीत, सारख्याच दिसतात.

पहिली म्हणजे जॅकेटेड. हिच्या बाहेर तांब्याचं किंवा तांबं-जस्त मिश्रणाचं पातळ कवच असतं आणि आत गच्च शिसं. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, तसंच आहे हे. पूर्वी निदान टोकाला करडं शिसं उघडं दिसायचं म्हणून कळायचं, आता बऱ्याच गोळ्यांना लाल-निळं प्लास्टिकचं टोक असतं आणि तसंच टोक अख्ख्या तांब्याच्या गोळीलाही असतं, म्हणजे नुसतं बघून ओळखायची ती पण सोय गेली. दुसरी म्हणजे मोनोलिथिक, पूर्ण गोळी तांब्याची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची, आत शिसं नाहीच.

आता फरक कुठे पडतो, तर गोळी हरणात शिरल्यावर. शिसं मऊ आणि जड, तांब्याच्या साधारण सव्वापट घनतेचं. जोरात आपटलं की कवच फाटतं आणि आतलं शिसं फुटून बारीक बारीक कण चहूकडे उडतात. यातले बरेचसे कण इतके छोटे असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शिशाच्या गोळीने मारलेल्या 30 हरणांचे एक्स-रे काढले होते, एकेका हरणात सरासरी 136 धातूचे तुकडे दिसले, आणि ही हरणं नेहमीसारखी खाटकाकडून कापून घेतली तर 30 पैकी 24 हरणांच्या खिम्याच्या पाकिटांत धातू निघाला. मग तुकडे असलेलं ते मांस डुकरांना खायला घातलं तर दोन दिवसांत त्यांच्या रक्तातलं शिसं वाढलं, म्हणजे कण नुसते पोटातून निघून जात नाहीत, अंगात उतरतात. तांब्याची गोळी मात्र पुढून पाकळ्यांसारखी उलगडते आणि बहुतेक वेळा जवळपास अख्खीच राहते, एखादी पाकळी तुटली तर तुटली, आणि तो तुकडा मोठा असतो, शिवाय शिसं नव्हे.

लोक म्हणतात जखमेभोवतीचं मांस काढून टाकलं की झालं. तेवढ्याने होत नाही हो. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याने 2008 मध्ये मेंढ्यांच्या धडांवर गोळ्या झाडून पाहिलं तर शिसं जखमेपासून 18 इंचांपर्यंत सापडलं, आणि धड पाण्याने धुतल्यावर ते उलट इकडेतिकडे पसरलं. खिमा सगळ्यात वाईट कारण यंत्रात सगळं एकजीव होतं, आणि खाटकाकडे दोन शिकाऱ्यांचं मांस एकत्र दळलं गेलं तर तुम्हाला मांस देणारा कितीही काळजी घेणारा असला तरी काय उपयोग.

त्याच 2008 मध्ये शेजारच्या नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने गरिबांना वाटायला आलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटं सीटी स्कॅनमध्ये घातली आणि निम्म्याहून जास्त पाकिटांत धातू दिसला, मग अन्नछत्रांना ते मांस फेकून द्यायला सांगितलं गेलं. नंतर 738 लोकांचं रक्त तपासलं तेव्हा शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात सरासरी 0.30 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर शिसं जास्त निघालं. हे फार नाही, मी उगाच घाबरवत नाही. धडधाकट मोठ्या माणसाने वर्षातून दोनदा खाल्लं तर मी काही बोलणार नाही. पण लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी कोणालाच सापडलेली नाही आणि गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं नाळेतून बाळाकडे जातं. माझी बायको गरोदर असताना आम्ही असा खिमा दोन-तीनदा खाल्ला होता, माहीतच नव्हतं, नंतर कळल्यावर तिची रक्ताची तपासणी होऊन आकडा येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. आकडा चांगला आला, पण तेव्हापासून मी विचारतोच.

आपल्या स्वयंपाकाचा एक मुद्दा यात कोणी सांगत नाही. शिसं आंबटात विरघळतं. स्पेनमधल्या संशोधकांना व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या शिकारीच्या पक्ष्यांत छर्ऱ्यांमधलं शिसं मांसात उतरलेलं दिसलं, आणि आपण काय करतो, हरणाचा वास जावा म्हणून दही, लिंबू, व्हिनेगर लावून रात्रभर ठेवतो. गोळी कसली ते माहीत नसेल तर निदान हे करू नका.

तांब्याच्या गोळीचे तोटेही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. महाग असते. तांबं हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि प्रत्येक रायफलला ती मानवत नाही, म्हणून शिकारी एक पायरी हलकी घेतात आणि नेमबाजीच्या रेंजवर जाऊन नेम पुन्हा जुळवतात. उलगडायला वेगही लागतो, फार लांबून मारली तर पाकळ्या नीट उघडत नाहीत. मधला मार्ग म्हणून बॉन्डेड गोळी मिळते, तिच्यात शिसं कवचाला पक्कं जोडलेलं असतं, कण कमी उडतात, पण शिसं ते शिसंच. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत, त्यामागे मुख्य कारण कॉन्डोर गिधाडं. शिकारी मागे टाकून गेलेली आतडी खाऊन ती शिशाने मरत होती, आणि 1982 मध्ये जगात जेमतेम 22 उरली होती. आपल्याकडची गिधाडं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गेली, विष वेगळं पण वाट तीच.

तर विचारताना नुसतं "कॉपर का?" असं विचारू नका, त्याला हो म्हणणं सोपं आहे. "आत शिसं आहे का, बॉक्सवर लेड-फ्री किंवा नॉन-लेड लिहिलंय का, आणि खिमा घरी दळला की बाहेर?" असं विचारा. लेड-फ्री प्रायमर असं लिहिलं असेल तर फसू नका, प्रायमर म्हणजे बुडाशी असलेली ठिणगीची टोपी, गोळी नव्हे. माझ्या ऑफिसातल्या मित्राने गेल्या वर्षी मी विचारल्यावर घरी जाऊन बॉक्सचा फोटो पाठवला, जॅकेटेड निघाली, त्याला स्वतःलाच धक्का बसला कारण त्याची नातवंडं तेच सॉसेज खात होती. यंदा त्याने गोळी बदलली आणि पहिलं पाकीट आमच्याकडे आणलं.