गोडेलची दोन प्रमेये आणि गाजलेल्या लेखकांची पारख

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचक मंडळींत तर्कशास्त्रावरचं एखादं गाजलेलं पुस्तक फिरायला लागलं की वाद ठरलेला: लेखक खरा जाणकार, की नुसता गोडबोल्या? मी अशा वेळी थेट तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलवरचं प्रकरण उघडतो. त्याची दोन प्रमेयं आहेत आणि ती एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही.

पहिलं पूर्णतेचं, १९२९च्या प्रबंधातलं. ते प्रथमक्रम तर्कशास्त्राबद्दल आहे, म्हणजे वस्तूंविषयी ‘सर्व’ आणि ‘काही’ म्हणता येतं ते. गृहीतकं जिथे जिथे खरी, तिथे तिथे एखादं विधानही खरंच असेल, तर ते अनुमानाच्या नियमांनी पायरीपायरीनं सिद्ध होतंच. नियम पुरे पडतात.

दुसरं १९३१चं, अपूर्णतेचं. इथे नियमांची काहीच तक्रार नाही, अपुरी पडते ती गृहीतकांची यादी. नैसर्गिक संख्यांची बेरीज-गुणाकार सामावणारी, यंत्रवत तपासता येणारी, विसंगती नसलेली कोणतीही यादी घ्या. एखादं विधान असं उरतंच, जे तिच्यातून सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. आता पहिलं प्रमेय इथे लावून पाहा: विधान सिद्ध होत नाही, म्हणजे ते खोटं ठरेल अशी एक संख्यासृष्टी ही यादी पाळूनही उभी राहते, आणि खरं ठरेल अशी दुसरीही. दोघांत भांडण नाहीच, उलट पहिल्यामुळे दुसरं नीट कळतं. हे सांगणारा लेखक मला पटतो.

‘माणसाला पूर्ण सत्य कधीच कळणार नाही, हे गोडेलनं सिद्ध केलं’ असं लिहून पुढच्याच ओळीत वेदान्तावर उडी मारणाऱ्यानं अटी गाळलेल्या असतात. गुणाकार काढून फक्त बेरीज ठेवा: प्रेसबर्गर या गणितज्ञानं १९२९मध्येच दाखवलं की ते अंकगणित पूर्ण आहे, म्हणजे त्यातलं प्रत्येक विधान सिद्ध तरी होतं किंवा खोडता तरी येतं. तर्कशास्त्रज्ञ तार्स्कीनं मांडलेली मूलभूत भूमितीही तशीच पूर्ण आहे.

सोपं लिहिणं हा मात्र गुन्हा नव्हे. तर्कशास्त्रज्ञ बर्ट्रांड रसेलला १९५०चं नोबेल मिळालं तेही साहित्याचं. रेमंड स्मलियन खरं बोलणाऱ्यांची आणि थापाड्यांची कोडी घालत राहिला, पण तो स्वतः तर्कशास्त्रज्ञ होता आणि ते त्याच्या कोड्यांत दिसतं. बाकीची पुस्तकं मी अहमदाबादच्या गाडीत वाचतो.