उंदरांच्या फुप्फुसांतील न विखुरणारे बीजाणू

रानातील उंदीर आणि तत्सम लहान कृंतकांच्या फुप्फुसांत आढळणाऱ्या ॲडिआस्पायरोमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचा इतिहास चुकलेल्या ओळखींपासून सुरू होतो. १९३९ मध्ये किर्शेनब्लाट यांनी कॉकेशसमधील जॉर्जियातील कृंतकांच्या फुप्फुसांत जाड भिंतीच्या गोल पेशी पाहिल्या आणि त्यांना ‘ऱ्हायनोस्पोरिडियम पल्मोनाले’ असे नाव दिले. नाकात मांसल गाठी आणणारा ऱ्हायनोस्पोरिडियम भारतातील डॉक्टरांच्या परिचयाचा आहे. पण उंदरांतील या पेशींचे त्याच्याशी दिसण्यापलीकडे काही नाते नव्हते.

पुढचा शोध दुसऱ्याच रोगाच्या मागावर असताना लागला. मातीतून माणसाला होणाऱ्या ‘व्हॅली फीव्हर’ या तापाचा उगम शोधताना चेस्टर एमन्स आणि ॲशबर्न यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटातील कृंतकांची फुप्फुसे तपासली. त्या तापाची बुरशी, कॉक्सिडिऑइड्स, त्यांना सापडलीच, शिवाय ॲडिआस्पायरोमायकोसिसची, तेव्हा अनोळखी असलेली बुरशीही मिळाली. १९४२ मध्ये तिला ‘हॅप्लोस्पोरँजियम पार्वम’ म्हटले गेले. हे वर्गीकरणही टिकले नाही. १९५९ मध्ये चिफेर्री आणि मोंतेमार्तिनी यांनी एमन्स यांच्या सन्मानार्थ ‘एमॉन्सिया’ हा नवा वंश मांडला. १९६० मध्ये एमन्स आणि विल्यम जेलिसन यांनी ‘एमॉन्सिया क्रेसेन्स’ ही मोठ्या पेशींची जात वेगळी काढली आणि ‘ॲडिआस्पोर’, म्हणजे न विखुरणारा बीजाणू, हा शब्द रूढ केला.

माझ्या मते या आजाराचे सारे वेगळेपण त्या शब्दात आहे. बिळातल्या मातीत बुरशीचे धागे वाढतात आणि त्यांवरचे दोन-चार मायक्रोमीटरचे बीजाणू बीळ उकरणाऱ्या उंदराच्या श्वासातून आत जातात. शरीराच्या उष्णतेत ते फुगतात, पण त्यांची संख्या वाढत नाही. क्रेसेन्सच्या बीजाणूचा व्यास शंभरपटही होतो, म्हणजे घनफळ दहा लाखपट! कापलेल्या फुप्फुसावर हे बीजाणू बारीक, राखाडी-पांढऱ्या ठिपक्यांसारखे नुसत्या डोळ्यांना दिसतात. जंतूंमुळे होणाऱ्या इतर बहुतेक फुप्फुसरोगांत जंतू आतच वाढत जातो. इथे मात्र किती बीजाणू श्वासातून आत गेले, यावरच इजा ठरते, म्हणून थोडे बीजाणू असलेला उंदीर सहज जगतो. तो मेल्यावर शव कुजते, बीजाणू थंड मातीत मोकळा होतो आणि त्याला पुन्हा धागे फुटतात.

माणसातील पहिला रुग्ण फ्रान्समध्ये १९६४ मध्ये नोंदला गेला. तिथेही फुप्फुसात याच जाड भिंतीच्या पेशी होत्या.