भलं करायला गेलेल्याच्या कृत्याला नाव काय?

माझ्या मावशीकडे घावनांचा बिडाचा तवा आहे. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळाभोर, गुळगुळीत झालेला. तिचा हात दुखत होता म्हणून एका रविवारी मी तो साबण आणि तारेची घासणी घेऊन पार राखाडी होईपर्यंत घासला आणि ओलाच पालथा घातला. सकाळी त्यावर तांबूस गंज. पहिलं घावन चिकटलं, दुसरं फाटलं. उलथन्याने खरवडता खरवडता मावशी म्हणाली, "करायला गेलीस गणपती..." आणि पुढचं तिने गिळलं.

मला वाईट वाटू नये म्हणून तिने म्हण अर्ध्यावर सोडली. पण मी जे केलं होतं त्याला म्हणावं तरी काय? मराठीत करणाऱ्याला झोडपणारे शब्द ढीगभर आहेत: आगाऊ, अतिशहाणा, उपद्व्यापी. त्यांत मन चांगलं होतं ही गोष्ट उरतच नाही. उपकाराच्या विरुद्ध अपकार आहे, पण अपकार जाणूनबुजून केला जातो. रांजणात अडकलेलं रेडकाचं डोकं सोडवायला आधी मान कापा म्हणणारा उंटावरचा शहाणा आहे, पण तो नुसता सल्ला देतो, हात लावत नाही. 'हितशत्रू' तर ऐकायला अगदी जवळचा वाटतो. हित करता करता शत्रू ठरलेला, असा त्याचा अर्थ असता तर शोध तिथेच संपला असता. प्रत्यक्षात आपण तो वाईट चिंतणाऱ्यालाच लावतो.

मावशीने अर्ध्यावर सोडलेली म्हणही जुनी आहे. संस्कृतात ती 'विनायकं प्रकुर्वाणो रचयामास वानरम्' अशी आहे, म्हणजे विनायक घडवायला बसला आणि घडवलं वानर. मराठीत त्या वानराचा कुठे मारुती होतो, कुठे माकड. पण म्हण फसलेल्या कामाची आहे. दुसऱ्यासाठी केलेल्या कामाचीच असं नाही.

दुसऱ्यासाठी केलेल्या कामाची गोष्ट पंचतंत्रात आहे. राजा झोपलेला, त्याचं लाडकं माकड पंख्याने वारा घालतंय. राजाच्या छातीवर माशी बसते. हाकलली तरी परत येते. शेवटी माकड तलवार उचलतं. माशी उडून जाते, राजा मरतो. 'पण्डितोऽपि वरं शत्रुर्न मूर्खो हितकारकः' हा चरण याच गोष्टीबरोबर येतो. मूर्ख मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा, असं आपण आजही म्हणतो ते हेच.

पाली जातककथांत याची भावंडं ओळीने भेटतात. एकीत बापाच्या टकलावरचा डास मारायला मुलगा कुऱ्हाड घालतो, दुसरीत आईच्या अंगावरच्या माश्यांवर मुलगी मुसळ हाणते. पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती बागेतल्या माकडांची. माळ्याला उत्सवाला जायचं असतं, म्हणून तो रोपांना पाणी घालायचं काम माकडांवर सोपवतो. माकडांचा म्होरक्या कामचुकार नाही, उलट काटकसरी आहे. पाणी वाया जायला नको, तेव्हा प्रत्येक रोप उपटा, मुळं बघा, लांब मुळांना जास्त आणि आखूड मुळांना कमी पाणी द्या, असं तो सांगतो. सगळी बाग उपटली जाते. कसलाही दुष्टावा नाही, आळस नाही, हिशेबसुद्धा चोख आहे.

त्या जातकातल्या गाथेत 'अनत्थकुसल' असा शब्द येतो. मराठीत आणला तर अनर्थकुशल. अशा माणसाने केलेली हितचर्या सुखाची होत नाही, असं गाथा म्हणते. शब्द मला फार आवडला, पण पुन्हा तोच घोटाळा: नाव माणसालाच मिळालं, त्याच्या हातून घडलेल्या गोष्टीला नाही.

ते नाव मिळालं युरोपात. 13 व्या शतकात फारसी कवी रूमीने आपल्या मसनवी या दीर्घकाव्यात याच घराण्यातली गोष्ट सांगितली, तेव्हा माकडाच्या जागी अस्वल आणि तलवारीच्या जागी दगड आला होता. पुढे आजच्या अफगाणिस्तानातल्या हिरातमध्ये 15 व्या शतकाच्या अखेरीस कलीला-दिम्नाची, म्हणजे पंचतंत्राच्या अरबी अवताराची, जी फारसी आवृत्ती झाली, तिच्यात ही गोष्ट होती. तिच्यावरून 1644 मध्ये फ्रेंच पुस्तक निघालं आणि 1678 मध्ये फ्रेंच कवी ला फोंतेनने म्हाताऱ्या बागवेड्या माणसाची आणि त्याच्या अस्वलाची गोष्ट पद्यात लिहिली. त्या वेळच्या प्रस्तावनेत त्याने पिल्पे या भारतीय ज्ञान्याचं ऋणही मानलं. फ्रेंचांना 'अस्वलाचा दगड' हा वाक्प्रचार मिळाला. 19 व्या शतकाच्या सुरुवातीला क्रिलोव या कवीने ती रशियनमध्ये आणली आणि तिथे 'मेद्वेझ्या उस्लुगा', म्हणजे अस्वलसेवा, हा बोलण्यातला शब्द झाला. जर्मन, स्वीडिश, डॅनिश लोकांकडेही तोच शब्द आहे. डेन्मार्कमध्ये मात्र बरेच तरुण आता तो 'फार मोठी मदत' अशा अर्थाने वापरतात. अस्वल दांडगं, म्हणून मदतही दांडगी. गोष्ट विसरली गेली आणि शब्द उलटा फिरला.

मग आपणही 'वानरसेवा' म्हणावं का? माझा जीव त्याला तयार होत नाही. आपल्या कानाला वानरसेवा म्हटलं की सेतू दिसतो, द्रोणागिरी घेऊन येणारा मारुती दिसतो. ती मदत फसलेली नव्हती. 'अस्वलसेवा' घ्यावी तर 'अस्वलाच्या गुदगुल्या' आधीच आहेत आणि त्या वेगळ्याच छळाच्या आहेत.

तव्याचं म्हणाल तर मावशीने तो चुलीवर तापवून, कांद्याच्या फोडीने तेल चोळून परत वळणावर आणला. महिनाभर गेला त्यात. मध्यंतरी माझ्या भावाने तिचा फोन हळू चालतो म्हणून नको त्या फाइली काढल्या आणि त्यांत तिचे जत्रेचे फोटोही गेले. तो ओशाळून उभा होता. मावशीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "यानेपण तवा घासला गं."